कापडाखालची गाडी

रविवार, दुपार

चि. भावास,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले, त्यात फार काही शोधू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. आईची तब्येत बरी आहे, माझी बदली यंदाही टळली, वरच्या गॅलरीची गळती थांबली. तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू ओरडतोस, मी रडते, आणि तुला वाटतं तू जिंकलास. कागदावर तसं होत नाही.

तुझा निरोप मिळाला. ‘गाडीला हात कोणी लावला?’ आई कशी आहे, हे विचारायला जागा उरली नसावी.

मी लावला. तुझा तो जुन्या गाड्यांचा संग्राहक फोटो काढायला आला तेव्हा गॅरेजची किल्ली मीच त्याच्या हातात दिली, कारण लपवायचं असं माझ्याकडे काही नव्हतं. बंपर डावीकडून चेपलाय, दिव्याची काच गेलीय, सीटवरचं प्लास्टिक फाटलंय. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, कोणी गेल्यासारखा चेहरा केला आणि चहा न घेता निघून गेला.

ते गॅरेज कोणाचं आहे, हे तू विसरलास. तिथे आईची शिकवणीची गाडी उभी असायची, दोन्हीकडे ब्रेक असलेली. त्या गाडीवर तिने निम्मं गाव शिकवलं आणि आपल्या दोघांना वाढवलं. ती गाडी मोडीत गेली आणि त्या जागी तू ही मोहरी रंगाची, दोन दरवाजांची बाहुली आणून ठेवलीस आणि वर कापड घातलंस. लिलावासाठी लोकांच्या गाड्या पारखतोस ते ठीक आहे, पोट भरतोस. पण आईच्या घरात तू तिजोरी का उघडलीस?

मासिकातला तुझा लेख मी वाचला. आजच्या कोणत्या गाड्या उद्या क्लासिक ठरतील. हाताच्या गिअरची शेवटची, किल्ली फिरवून सुरू होणारी, स्क्रीन नसलेली, कोणी न घेतलेल्या रंगाची, थोड्याच निघून बंद पडलेली. आईलाही वाचून दाखवला, तिचा चष्मा सापडत नव्हता म्हणून. ती म्हणाली, छान लिहितो. मला मात्र एवढंच कळलं की तुझ्या हिशेबात गाडी मोठी होते ती कोणी तिच्यात बसलं नाही म्हणून.

आणि मागच्या खेपेला तू तिला काय म्हणालास, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. तिने तुला किल्ली मागितली होती. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते म्हणाली, हट्टही नव्हता. तू म्हणालास, “नको आई, क्लच घासतो. हिचे सुटे भाग मिळत नाहीत.” तुला क्लच कसा सोडायचा ते जिने शिकवलं, तिला तू हे सांगितलंस. ती हसली. मग आत आली आणि धुतलेल्या बश्या परत धुवायला लागली. मी तिथे उभी होते, तिला कळलंसुद्धा नाही.

तिला कळलं नाही, कारण तिला दिसलं नाही. आता लिहितेच. आईचे डोळे गेलेत. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माझ्याकडे बघते तेव्हा माझे कान दिसतात, तोंड नाही. डॉक्टर म्हणतात यावर आता उपाय नाही. तुला सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. म्हणाली, तो येतो गाडीसाठी, त्याला गाडीसाठीच येऊ दे.

बंपर चेपला त्या दिवशी गाडी नेली मी, पण चालवली तिने.

बंद पडलेल्या शीतगृहामागे मोठं आवार आहे, कुत्रंही फिरकत नाही. तिथे आम्ही जागा बदलल्या. तिने नखाने सीटवरचं प्लास्टिक टरकावलं आणि नीट टेकून बसली. दुसरा टाकला, तिसरा टाकला, सगळं इंजिनाच्या आवाजावर. मला म्हणाली, “समोर काय आहे?” मी म्हटलं, मोकळं. “किती मोकळं?” भरपूर, म्हटलं. मग ती जी सुटली! वळणं काय घेतली, रिव्हर्स काय घेतला, आणि तोंडाने चालूच होतं: खांदे सैल सोडा, मान वर, बाई. मला शिकवत होती. मला तिथे ब्रेक नव्हता, तरी माझा पाय गालिचा दाबत होता. आणि शेवटच्या फेरीला मी समोर बघायचं सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तेवढ्यात दिव्याचा खांब आला.

काय लागलं, तिने विचारलं. दगड होता, मी म्हटलं. तिने विश्वास ठेवला. घरी येऊन पोटभर जेवली.

तर आता ऐक. शनिवारी येणार असशील तर ये. गल्लीत उभा राहून मला काय बोलायचं ते बोल. पण आईसमोर बंपरचा ब काढलास, तर या घराचं दार तुला पुन्हा उघडणार नाही. तुझ्यासाठी ती एक गाडी आहे. तिची ती शेवटची होती.

तुझी (इलाज नाही म्हणून)
ताई


बुधवार

ती. ताईस,

सा. न. पद्धत म्हणूनच, तुझ्यासारखीच.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला. जिला समोरचं दिसत नाही तिच्या हातात तू चाक दिलंस, आणि मलाच दार बंद करायची धमकी देतेस. आवार मोकळं होतं म्हणतेस. मग खांब कुठून आला? खांबाच्या जागी शीतगृहाचा रखवालदार असता तर काय सांगितलं असतंस तिला, दगड होता?

लेखाबद्दल बोललीस म्हणून सांगतो, कारण तुला त्यातलं काही कळलेलं नाही. न वापरल्याने गाडी मोठी होत नाही. लहानपणी मागच्या सीटवरून जी गाडी बघितली, ती लोक पन्नाशीत शोधत येतात. आजच्या निम्म्या गाड्या तोवर टिकणारच नाहीत. कंपनीने हात काढून घेतला की त्यांच्या स्क्रीन मुक्या होतात आणि गाडी जागची हलत नाही. ही हलेल. हिला पाना लावता येतो. मी हीच का घेतली, असं तू एकदाही विचारलं नाहीस. आईच्या शिकवणीच्या गाडीनंतर अशा गिअरची मला सापडलेली ही शेवटची होती.

डोळ्यांचं मला माहीत होतं. तुझ्या आधीपासून.

मागच्या थंडीत तू कामावर होतीस. मी स्वतः कापड काढलं आणि आईला किल्ली दिली. तिच्यासाठीच घेतली होती म्हण हवं तर, मला आता काय म्हणायचं तेच कळत नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत ती अशी चालवत होती की मी फोन काढून फोटो घ्यायला लागलो. शाळेपुढच्या पट्ट्यांवर एक बाई लेकराला कडेवर घेऊन ओलांडत होती. अगदी समोर, मधोमध. आईचा पाय ब्रेकवर गेलाच नाही, तेव्हा मला डोळ्यांचं कळलं. मी हँडब्रेक ओढला. हल्लीच्या गाड्यांत तिथे नुसतं बटण असतं. हिला दांडा आहे, म्हणून ती बाई घरी पोचली. तिने बॉनेटवर थापा मारल्या, आम्हाला नको नको ते बोलली. आई म्हणाली, अशा कशा मध्येच येतात या! तिला खरंच तसं वाटत होतं.

त्यानंतर मी तिला काय सांगायला हवं होतं, ताई? आई, तुझ्या शिकवणीला आलेल्या कोणाच्याच हातून जे घडलं नाही, ते आज तुझ्या हातून घडणार होतं, असं? मी क्लचचं निमित्त केलं. मला कंजूष समजून ती दोन दिवस रुसली असेल. दुसरं कळलं असतं तर ती त्यातून उठली नसती.

तू ऐकलंस तेवढंच ऐकलंस, आणि तेव्हापासून माझ्याशी धड बोलली नाहीस. मीही बोललो नाही. पण तिच्या हातात चाक देण्याआधी तू मला एक फोन करायला हवा होतास.

शनिवारी मी येतो आणि गाडी घेऊन जातो. बंपर खांबाला लागला, हे मी बोलणार नाही. शाळेपुढचं तू बोलणार नाहीस. मी कंजूष आहे, एवढंच तिला माहीत असू दे.

भाऊ


सोमवार, सकाळ

चि. भावास,

आ.

तू गाडी नेलीस त्या दिवशी आपण तीनच वाक्यं बोललो, तीही किल्लीबद्दल. बरंच झालं.

फोन करायला हवा होता, म्हणतोस. तूही करायला हवा होतास. त्या बाईचं मला आधी कळलं असतं तर मी आईला त्या सीटवर बसवलंच नसतं. तू गप्प राहिलास म्हणून बसवलं. हे मी तुझ्या खात्यातून पुसणार नाही. आणि तरीही त्या दुपारी ती गाडी चालवताना कशी दिसत होती, ते तू बघितलं नाहीस. याचा मला आनंद होतो. मी इतकी वाईट आहे.

काल तिच्या शिकवणीला असलेला एक गृहस्थ भेटायला आला होता. आता ट्रक चालवतो. गॅरेज रिकामं बघून त्याने गाडीचं विचारलं. आई म्हणाली, “मुलाने नेली. कंजूष आहे, मला हात लावू देत नव्हता. पण ठेवतो छान.” आणि मग आवाज बारीक करून त्याला सांगायला लागली, आम्ही दोघींनी ती कशी गुपचूप पळवली, तिसऱ्यावर गाडी कशी लोण्यासारखी चालते, आणि तुला अजून पत्ता नाही. सांगताना हसत होती.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, त्याला पत्ता नाही.

त्या हसण्यापायी मी तुला माफ केलंय, असा अर्थ काढू नकोस. तिला मात्र फोन कर. गाडीचं विचार. किलोमीटरचा आकडा पुढे कसा गेला म्हणून ओरड थोडा, तिला मजा येईल.

माझ्याशी बोलायची गरज नाही.

ताई