तुझ्या मशिनांना दिलेली मानाची जागा

तीर्थस्वरूप ताईस,

लोटांगण. (साध्या नमस्कारावर या खेपेला भागणार नाही. का ते पुढे कळेलच.) तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझी भावजय तर खरोखरच खुशाल आहे. ती चार दिवस माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे तिला बराच निवांतपणा मिळतो.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतेस, आणि तुझ्या त्या ‘हं’पुढे माझी एकही थाप टिकत नाही. म्हणून पत्र. तर ताई, एका दमात सांगून टाकतो. तुझी शिलाई मशिनं ‘निघालीत’, ‘वाटेत आहेत’, ‘ट्रकचं टायर पंक्चर झालं’ असं मी जे जे तुला सांगितलं ते सगळं खोटं होतं. मशिनं आमच्या गोदामातच आहेत. ट्रक जागचा हललाच नाही, तर पंक्चर कसलं डोंबलाचं होणार? सोमवारी तुझा गाळा सुरू व्हायचा आहे, दवाखान्याच्या एप्रनांचं कापड येऊन पडलंय, तीन बायका हातातली कामं सोडून तुझ्याकडे शिवायला येणार आहेत, आणि सोमवारी मशिनं नसली तर दवाखाना ते काम दुसऱ्याला देणार. हे मला सगळं पाठ आहे. जेवायला बसलो की घास हातात धरून मी तेच घोकत असतो.

झालं काय, की आमच्या गोदामात पूर्वी साधे रॅक होते. दोन रॅक, मधे गल्ली, पुन्हा दोन रॅक, पुन्हा गल्ली. फोर्कलिफ्ट गल्लीतून जायची, हवं ते पॅलेट उचलायची आणि यायची. (पॅलेट म्हणजे ज्याच्यावर माल रचतात तो लाकडी पाट. तू मागे आलीस तेव्हा त्याच्यावर बसून चहा प्यालीस, तोच.) कुणाचं काही अडत नव्हतं. पण मी पडलो व्यवस्थापक, माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी मालकांना म्हणालो, साहेब, आपलं निम्मं गोदाम म्हणजे नुसत्या गल्ल्या आहेत, आपण हवा साठवून ठेवतोय. (हे वाक्य मी आधी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.) साहेब इतके खूश झाले की त्यांनी मला स्वतःच्या खुर्चीशेजारी बसवलं.

मग आले ते दाटीचे रॅक. त्यांच्यात गल्ली नाहीच. नुसते बोळ. दोन्ही बाजूंना खांब, खांबांवर रूळ, आणि फोर्कलिफ्टच बोळाच्या पोटात शिरते, थेट मागच्या भिंतीपर्यंत. पहिलं पॅलेट तिथे ठेवायचं, त्याच्यापुढे दुसरं, त्याच्यापुढे तिसरं, वरच्या मजल्यांवरही तसंच, असं करत करत तोंडापर्यंत बोळ भरायचा. जागा एवढी वाचते की बघणाऱ्याचे डोळे निवावेत. ज्यांचा ढीगभर एकसारखाच माल असतो त्यांना हे झकास आहे, कारण पुढचं खोकं काढलं काय नि मागचं काढलं काय, सारखंच. पण आमच्याकडे एकाचे रंगाचे डबे, दुसऱ्याची वॉश बेसिनं, तिसऱ्याच्या वह्या. जो आधी आत जाईल तो सगळ्यांत शेवटी बाहेर येईल, ही एवढीशी गोष्ट ना मला सुचली, ना साहेबांना, ना फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या आमच्या पायलटला. (वळण घेताना तो तोंडानं विमानाचा आवाज काढतो म्हणून पायलट.) त्यानं तर माझा नकाशा बघून मला टाळी दिली होती. रॅक विकणाऱ्यानं हे सगळं समजावून सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा मान डोलावत होतो खरा. मला वाटतं, मी नुसती मानच डोलावत होतो.

आणि रॅक उभे राहिले नेमकी त्याच दिवशी तुझी मशिनं आली. तू जिथे शिवायला जायचीस तो कारखाना बंद पडला, तू हिमतीनं त्यांचीच चार मशिनं विकत घेतलीस, आणि गाळा तयार होईपर्यंत विश्वासानं माझ्याकडे पाठवलीस. माझा ऊर भरून आला. म्हटलं, कोऱ्या करकरीत रॅकमध्ये पहिलं पॅलेट कुणाचं जाणार? माझ्या ताईचं! सगळ्यांत आत, भिंतीला लागून, अगदी तळाला, जिथे ऊन नाही, धक्का नाही, कुणाचा हात पोचणार नाही. (हे शेवटचं मात्र तंतोतंत खरं ठरलं. माझाही पोचत नाही.) मी तुला फोटो पाठवला होता, आठवतं? त्यावर तू लिहिलंस, ‘गुणाचा रे माझा भाऊ.’ तो निरोप मी आता उघडत नाही.

त्यानंतर जो जो माल आला तो तुझ्यापुढे लागत गेला. तुझा फोन आला की मशिनं पाठव, तेव्हा मी बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. समोर बेसिनांची भिंत. पहिला उपाय म्हणून मी स्वतःच खांब आणि माल यांच्यामधल्या फटीतून आत शिरायचं ठरवलं. डोकं गेलं, खांदे गेले, पोटानं साफ नकार दिला. तसाच अडकून पडलो असताना साहेब एका नव्या गिऱ्हाइकाला रॅक दाखवायला घेऊन आले. त्यांना बाहेर आलेले माझे दोन बूट दिसले. साहेब अभिमानानं म्हणाले, “हे आमचे व्यवस्थापक. प्रत्येक गोष्टीत जातीनं लक्ष घालतात.” मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

दुसरा उपाय म्हणजे रविवारी, सुट्टीच्या दिवशी, पायलटला गाठून अख्खा बोळ रिकामा करणं. पण काढलेली पॅलेटं ठेवायची कुठे? गल्ल्या तर मीच खाऊन टाकल्या होत्या. आम्ही अंगण भरलं, फाटक अडवलं, संडासाची वाट बंद केली आणि शेवटी थोडी बेसिनं साहेबांच्या केबिनच्या दाराला टेकवून ठेवली. घरच्या गलक्यातून सुटायला साहेब रविवारी केबिनमध्ये येऊन झोपतात, हे आम्हाला कुठे ठाऊक! थोड्या वेळानं माझा फोन वाजला. दार उघडत नाही म्हणाले. मी म्हणालो, साहेब, दाराला रंग दिलाय, वाळू द्या. मग काय, सगळा माल धावतपळत परत आत. काम अर्धवट राहिलं. माझा नाइलाज झाला, ताई.

तेव्हा तू दवाखान्याला आठवडाभर थांबायला सांग. तुझा शब्द ते मोडणार नाहीत. भावोजींना नमस्कार, धाकटीला गोड पापा.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायची सध्या लायकी नसलेला,
धाकटा

ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितोय. ‘नाइलाज’ हा शब्द खोडून वाच. त्या रविवारी तुझ्या मशिनांपुढे फक्त दोन पॅलेटं उरली होती. मशिनांवरचं निळं प्लास्टिक मला दिसत होतं. साहेबांना खरं सांगितलं असतं तर ती तेव्हाच बाहेर आली असती. पण मग माझा नकाशा चुकला हे सगळ्यांना कळलं असतं. मी ते निळं प्लास्टिक डोळ्यांनी पाहिलं आणि पायलटला म्हणालो, भर परत. मला माझी लाज वाटते, ताई. दुसरा शब्द नाही.

ता. क. २ – अक्षर हलतंय, कारण ट्रक हलतोय. आज सकाळी साहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं ओकून टाकलं. ते म्हणाले, “म्हणजे दाराला रंग नव्हता?” त्यानंतर जे म्हणाले ते तुला लिहिण्यासारखं नाही. दिवसभर गोदाम अंगणात मांडलेलं होतं, गिऱ्हाइकं येऊन बघत होती आणि विचारेल त्याला मी सांगत होतो, हो, मीच केलं. गल्ल्या परत येणार आहेत. नकाशा मी काढायचा नाही, असं ठरलंय.

ता. क. ३ – दवाखान्याला काही सांगू नकोस. हे पत्र तुझ्या हातात ट्रकवाला देईल. चारही मशिनं खाली दारात आहेत. ट्रकमध्ये मान खाली घालून बसलाय तो मीच. वर यायचं धाडस होत नाही. खाली येऊन चारचौघांत दोन ठेवून दिल्यास तरी चालेल. नाहीच यावंसं वाटलं, तर गाळ्याची किल्ली तेवढी खिडकीतून टाक. मशिनं जागेवर लावतो, तेलपाणी करतो आणि मुकाट्यानं परत जातो.