मोहोळाला मारलेला दगड

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी हे बोलायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून लिहितोय. शाळेच्या कडुलिंबावरच्या आग्या मोहोळाला दगड मी मारला होता. धुळ्याजवळच्या त्या शाळेत मी वर्गाचा मॉनिटर, म्हणून तुम्ही मलाच विचारलंत, "कुणी मारला रे?" मी माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचं नाव घेतलं. तो एवढंच म्हणाला, "मी नही मारा, बाई." हुशार पोराचं खोटंही खरं वाटतं. हेडमास्तरांनी त्याला दिवसभर उन्हात उभं केलं, आणि त्यानंतर तो शाळेत आला नाही तो आलाच नाही. आज तो धुळ्यात जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मात्र आलात. आदल्या दिवशी मोहोळ उठल्यावर आम्हा पोरांवर सतरंजी टाकताना माश्यांनी तुमचा चेहरा फोडून काढला होता. एक डोळा पार मिटलेला. फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक इंग्रजी वाक्प्रचार लिहायची तुमची पद्धत. त्या दिवशी तुम्ही लिहिता, 'फेस द म्युझिक'. "म्हणजे आपण केलेलं आपणच निस्तरायचं. तोंड लपवायचं नाही," असं म्हणता आणि त्या उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहता. तुम्हाला कळलं होतं का, बाई?

आता मी जळगावला इंग्रजी शिकवतो. तिसरा मजला, जवळ झाड नाही. तरी हा वाक्प्रचार फळ्यावर लिहिला की दरवर्षी कानामागे गुणगुण सुरू होते. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, तरी वाढतच जाते. मनाचे खेळ, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. पण परवा पहिल्या बाकावरची मुलगी कानांवर हात ठेवून म्हणाली, "सर, माश्यांचा आवाज कुठून येऊन राहिला?" बाकीची पोरंही छताकडे बघायला लागली.

म्हटलं, आता सांगूनच टाकू. मोहोळ, सतरंजी, तुमचा सुजलेला चेहरा, सगळं सांगितलं. तीच मुलगी म्हणाली, "सर, मग दगड मारणारा कोण होता?" गुणगुण एकदम थांबली. शेवटचा बाक रिकामा होता, पण तिथून कुणीतरी एका डोळ्याने बघतंय असं मला स्वच्छ जाणवलं. मी फार घाबरलो होतो.

हे पत्र मी कुठल्या पत्त्यावर टाकणार? तुमचं घरही आता पाडलंय. फक्त एक राहिलं, तेवढं लिहितो. वर्ग उत्तराची वाट बघत होता, बाई, आणि मी परत त्या मित्राचंच नाव सांगितलं.