अधिकृत माणसाची अनधिकृत गाडी

९ फेब्रुवारी, रविवार

गाडी मेली. वाटूर फाट्यावर, परतूरला साखरपुड्याला जाताना! भार्गवी पैठणीत, मी कोटात. आधी पडद्यावर एकामागून एक अकरा लाल-पिवळे दिवे लागले, मंग सगळं काळं.

कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. पोरगी गोड बोलली – ट्रक पाठवतो सर, अंदाजे बहात्तर तास. मी म्हणालो, अहो, मी जालन्यात आपल्याच अधिकृत वर्कशॉपला सर्व्हिस अॅडव्हायझर आहे. तर म्हणते, "अरे वा! मग तुम्हाला प्रोसिजर माहितीच असेल."

माहितीच आहे. रोज दहा जणांना मीच सांगतो.

"घ्या," भार्गवी म्हणाली, "आता स्वतःलाच सांगा."

रस्त्याच्या कडेला पत्र्याचं दुकान. पाटी – 'पंपाची मोटार भरून मिळेल.' आतून पन्नाशीच्या एक बाई मीटर घेऊन आल्या. नाव रहिमुन्निसा, पण सगळा फाटा आपा म्हणतो. नवरा गेल्यावर त्याचं दुकान चालवायला घेतलं, विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरता भरता ई-रिक्षांची दुरुस्ती शिकल्या. त्यांनी बॉनेट उघडलं तसा मी ओरडलो – हात लावू नका, इलेक्ट्रिक गाडी आहे, आत चारशे व्होल्ट आहे!

"ते नारंगी वायरीत हाय, भाऊ. नारंगीला मी बिलकुल हात लावत न्हाई. तुम्ही कायले घाबरून राह्यले?"

बॉनेटखाली एक साधी लहान बॅटरी असते, बारा व्होल्टची, कुठल्याही गाडीत असते तशी. तिच्या टर्मिनलवर पांढरा बुरा चढला होता. ती मेली की गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीला जाग येत नाही. आपांनी घासलं, पुसलं, दुसरी बॅटरी जोडून गाडी उठवली. वीस मिनिटं!

"मोठी बराबर हाय. लहानी जल्दी बदलून टाका. घरात मोठी माणसं किती बी असू द्या, दार उघडणारं पोरगं झोपलं की सगळे बाहेर."

साखरपुडा गाठला. वरण गार झाल्तं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळच्या मीटिंगला भुजंगसाहेबांनी – आमचे मॅनेजर – नेहमीची प्रतिज्ञा म्हणायला लावली. "बाहेरचा हात, गाडीचा घात!" सगळ्यांनी एका सुरात. माझा आवाज सगळ्यात मोठा. संध्याकाळी गपचूप नवी लहान बॅटरी आणून बसवली. बाहेरून.

खरं सांगायचं तर जालन्यात आम्ही इलेक्ट्रिक गाडी फक्त धुतो. शिकलेला एक मेकॅनिक होता, तो सोडून गेला. आता काहीही बिघडलं, साधा फ्यूज का असेना, की गाडी ट्रकवर घालून मोठ्या वर्कशॉपला. तिथं रांग. आमचं काम पुसणं आणि तारीख देणं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जाफराबादहून काकासाहेबांचा फोन. निवृत्त मुख्याध्यापक, गाडी धुवायला माझ्याकडंच आणतात. गाडी अंगणात मेली – आधी सगळे दिवे, मंग काळोख. ऐकता ऐकताच मला कळलं. लहान बॅटरी!

तोंडातून निघालं – हाय व्होल्टेजची शंका आहे सर, ट्रकनं न्यावी लागेल, सदतीस दिवसांनंतरची तारीख देतो.

त्यांच्या पत्नी, सगुणाबाई, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जालन्याला येतात. गाडी घेतलीच त्यासाठी. "वडापच्या जीपमध्ये आणतो मंग," ते म्हणाले. "येताना जमतं. जाताना तिला मान धरवत न्हाई हो."

मी म्हणालो, "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो."

काय समजू शकतो मी!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सगुणाबाईंची डायलिसिसची एक पाळी चुकली. सीटा भरल्याशिवाय वडापची जीप सुटत नाही, आणि ती भरलीच नाही वेळेवर. रात्रीतून दम लागला, दवाखान्यात आहेत. काकासाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. "तारीख जरा अलीकडं येईल का, एवढंच विचारायचं होतं," म्हणाले. अर्ज केल्यासारखं.

भार्गवीला सांगितलं. पोळी लाटता लाटता थांबली. "वीस मिनिटांचं काम आहे ना ते? मंग तुम्हाला जेवण कसं जातं?"

गेलं नाही आज.

२३ फेब्रुवारी, रविवार

आपांना वाटूरहून घेऊन जाफराबादला गेल्तो. त्यांना सगळं खरं सांगितलं होतं – म्हणजे कंपनीतला आहे, कुणाला कळू देऊ नका. "नेकी करायला पण चोरून?" म्हणाल्या. हसल्या.

मी काकासाहेबांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून बसलो. टोपी, गॉगल, तोंडाला रुमाल. 'गाडी बंद हाय म्हणून कळलं' म्हणत आपा आत गेल्या. अर्ध्या तासानं गाडी सुरू झाल्याचा गलका ऐकू आला, कुणीतरी टाळ्या पण वाजवल्या. म्हटलं, सुटलो!

तेवढ्यात काकासाहेब स्वतः चहा घेऊन आले. ड्रायव्हरला.

रुमाल खाली केल्याशिवाय चहा पिता येत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक घोट घेतला. ते बघतच राह्यले.

"तुम्हीच ना ते? सदतीस दिवसवाले?"

मी कप धरून बसलो. चाळीस वर्षं पोरांच्या चोऱ्या पकडलेला माणूस. पण त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. कप परत घेताना खांद्यावर थोपटलं फक्त. "हिला उद्या घरी सोडताहेत," म्हणाले. "आता आपल्या गाडीनं आणीन."

 परत येताना, वाटूर आल्यावर आपा म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही माणूस बुरे न्हाई. नोकरी बुरी हाय."

४ मार्च, मंगळवार

घात झाला! काकासाहेबांनी कंपनीला पत्र लिहिलं. मोत्यासारखं अक्षर, पाच पानं. 'आपल्या वर्कशॉपला जे सदतीस दिवसांत जमणार होते ते वाटूरच्या एका भगिनीने अर्ध्या तासात केले, तरी तिचा जाहीर सत्कार व्हावा.' माझं नाव कुठं नाही. चांगल्या माणसांना एवढंच कळत नाही, की कंपनी सत्कार करत नसते.

भुजंगसाहेबांनी पत्र चार वेळा वाचलं. "कोण आहे ही वाटूरवाली? अहवाल पाहिजे मला. गुप्त."

सगळ्या वर्कशॉपात गुप्त कामाला लायक एकच माणूस निघाला. मी.

६ मार्च, गुरुवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. "तुझी गाडी वाटूर फाट्यावर दिसली म्हणतात, गिरिधर."

मी कॉलर सारखी केली.

"मी म्हणालो, तो पाहणी करायला गेला असंल. हो ना?"

हो म्हणालो! दुसरं काय म्हणणार होतो?

घरी येऊन अहवाल लिहिला. इंग्रजीत, चौदा मुद्दे. रबरी चटई नाही. व्होल्टेजचे हातमोजे नाहीत. आग विझवायचा सिलेंडर नाही. धोक्याची पाटी नाही. दुकानाला लागून म्हैस बांधलेली. एकही मुद्दा खोटा नाही. म्हैस शेजाऱ्याची आहे, एवढं लिहिलं नाही. नारंगी वायरीला त्या हात लावत नाहीत, तेही लिहिलं नाही.

खाली सही केली. सही छान आली.

१७ मार्च, सोमवार

वरून अहवालाचं कौतुक आलं. साहेब म्हणाले, "विशेषतः म्हैस."

२३ मार्च, रविवार

आपांचा फोन. कंपनीकडून कागद आलाय, इंग्रजीत, वाचायला या. त्यांच्या ओळखीचा कंपनीतला माणूस मी एकटाच.

रोजे चालू आहेत. ओठ सुकलेले, तरी मला पाणी दिलं, स्टूल पुसून दिलं. वकिलाची नोटीस होती – आमच्या गाड्यांना हात लावणं ताबडतोब बंद करा, नाहीतर कोर्टात खेचू. दुसऱ्या पानावर चौदा मुद्दे. माझीच वाक्यं, माझेच स्वल्पविराम! नाव तेवढं वकिलानं गाळलेलं.

एकेक मुद्दा मराठीत सांगत गेलो. घशाला कोरड – रोजा त्यांचा, आणि कोरड मला. आपा कपाळाला आठी घालून ऐकत होत्या. चटईला म्हणाल्या, बराबर. हातमोज्यांना म्हणाल्या, हे बी बराबर. म्हशीला हसू आलं.

"कोणी लिहिलं असंल हे?"

"असेल कंपनीतलं कुणीतरी."

"होशियार माणूस हाय. इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं न्हाई, की तुझा जीव जाईल, चटई घे म्हणून. पुन्हा सांगा, लिहून घेते."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मोटारीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उर्दूत चौदाही मुद्दे उतरवले. मंग म्हणाल्या, "जवाब तुम्हीच लिहा, भाऊ. तुमच्याशिवाय कोण हाय?"

लिहिला. इंग्रजीतच. काय करता! 'आम्ही फक्त बारा व्होल्टचं काम करतो, मोठ्या बॅटरीला व नारंगी वायरींना हात लावत नाही, सुरक्षेचं सामान महिन्याभरात घेत आहोत, स्वतः येऊन पाहावे.' अहवालापेक्षा चांगला उतरला.

२ एप्रिल, बुधवार

उत्तर ऑफिसला पोचलं. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "बाईनं तगडा वकील धरलाय. पुण्याचा वाटतो." पुढं म्हणाले, "याला टक्कर देणारं इंग्रजी आपल्याकडं तुझंच. लाग कामाला."

म्हणजे आता मी मलाच खोडून काढायचं. दुपारभर बसलो. खरंच सांगतो, मुद्दा सापडला नाही.

१३ एप्रिल, रविवार

आपांनी बोलावलं होतं, दुकान बघायला. जाऊन थक्क झालो. जमिनीवर काळी चटई. खिळ्याला कोपरापर्यंतचे हातमोजे. दारात लाल सिलेंडर. पाटी तीन भाषांत. म्हशीसाठी शेजाऱ्याशी दोन दिवस भांडून गोठा मागं हलवला. माझ्या गाडीचा एसी गरम हवा मारत होता, बोलता बोलता तोही बघितला – फिल्टरमध्ये मूठभर कचरा.

हात पुसत म्हणाल्या, "तो लिहिणारा माणूस एकदा आणा भाऊ. दाखवते त्याला. बिर्याणी खिलवते."

मी म्हणालो, "आणलाय."

त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. गाडीत कुणी नव्हतं.

"मीच लिहिलं, आपा."

मंग सगळं सांगितलं. साहेबांचं, केबिनचं, सहीचं. त्या ऐकत राह्यल्या. शिव्या देतील वाटलं. नाही दिल्या. फिल्टर बसवला, खटका लावला, बॉनेट हळू खाली केलं – आपटलं पण नाही.

"चटई नव्हती, ते खरं लिहिलं. वाईट न्हाई वाटत," म्हणाल्या. "मी विचारलं तवा 'कुणीतरी' म्हणाले ना, ते वाईट."

किल्ली हातात ठेवली. "गाडी घेऊन जा. पुन्हा इकडं आणू नका."

१५ एप्रिल, मंगळवार

वाटूरचं सगळं भार्गवीला रविवारीच सांगितलं होतं. आज ती रेल्वेनं बदनापूरला शाळेत शिकवायला गेली. गाडी चालू आहे, तरी रेल्वेनं. विचारलं तर म्हणाली, "तुमच्या गाडीत बसवत नाही."

२५ एप्रिल, शुक्रवार

कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून प्रियदर्शनी मॅडम आल्या, तपासणीला. त्या उत्तरात 'स्वतः येऊन पाहावे' लिहिलं होतं ना – कुणीतरी खरंच मनावर घेतलं! हातात माझे चौदा मुद्दे. सकाळी वाटूरला जाऊन आल्या होत्या. तिथं चौदापैकी चौदा बरोबर.

"आता आलेच आहे तर इथंही बघते," म्हणाल्या.

आमच्या सिलेंडरची तारीख दोन वर्षांपूर्वी उलटलेली. हातमोजे पाकिटात, पाकिटावर पाल. धोक्याची पाटी कपाटामागं, भिंतीकडं तोंड करून. रबरी चटई कुठंच सापडेना. शेवटी भुजंगसाहेबांच्या टेबलाखाली सापडली, पायाला गार लागू नये म्हणून अंथरलेली.

चौदापैकी पाच.

मॅडमनी विचारलं, यादी कुणी केली? साहेब लगेच म्हणाले, "यानं! यानंच!" मी म्हणालो, हो, मीच. आणि बाईंच्या वतीनं उत्तर लिहिलं तेही मीच. बोलून गेलो खरा.  मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. माझ्याकडं बघितलं पण नाही.

टेबलाचा खण आवरून ठेवला.

३० एप्रिल, बुधवार

पत्र आलं. काढलं नाही! जालन्याचं इलेक्ट्रिकचं काम बंद, छोट्या दुरुस्तीचं अधिकृत केंद्र आता वाटूर. पाच मेपासून माझी बदली तिथं. वरिष्ठ – रहिमुन्निसा बेगम.

दुपारी त्यांचा फोन आला. भाऊ म्हणाल्या नाहीत.

"नऊ वाजता ये. सव्वानऊला न्हाई."