पत्र्यावरचं टायर

दादासोच्या बुलेटचं मागलं चाक बघितलं अन् त्याच्या बायकोला, म्हाळसाला, शिसारी आली. तिनं चिठ्ठी लिहून सीटवर दगडाखाली ठेवली.

"वैजूला घेऊन येष्टीनं इंदापूरला दवाखान्यात चाललेय. बुलेट जड हाय, मागलं टायर दोन वर्सांच्या वर टिकत न्हाय, असं म्हणून झिजलेलं टायर तुमीच पत्र्यावर टाकलं, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून. तेच परत गाडीला चढवलंत. दोस्ताला पोरगी बघायला जायचंय म्हणून नवं त्याला काढून दिलंत, अन् आपली पोरगी ह्या गुळगुळीत टायरवर नेणार होता. लाज कशी वाटली न्हाय? भाकरी टोपल्यात हाय. पत्रा उडून शेजारच्या उसात पडलाय. तो आणायला चालत जावा."