सहा वाजताचं पाणी

४ मार्च

चि. बडबडी हिला मामाचे आशीर्वाद.

मामीचा गुडघा आता बरा आहे. मी मात्र चार दिवस घरी बसून तिचं डोकं खातोय. इस्पितळाच्या धुलाईघरातली टाकी मी रोज सकाळी सहाला १८० सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत भरतो. पंप ओढत राहतो, पाणी संध्याकाळी सहापर्यंत पुरतं. मंगळवारी मात्र सव्वाएकलाच टाकीनं तळ गाठला. चादरी अडकल्या, दोन ऑपरेशनं पुढे गेली. मुकादमबाई म्हणाल्या, तुम्ही टाकी भरलीच नाही नीट. एकोणीस वर्षांच्या नोकरीत असं कोणी बोललं नव्हतं गं. नऊ तारखेला मोठ्या साहेबांसमोर चौकशी आहे, तोवर कामावर येऊ नका म्हणाले. साक्षीदार कोणी नाही. बॉयलरवाल्यानं सवयीनं वहीत पातळी लिहिली होती, नऊला १०५, अकराला ५५, एवढंच. सहाचं काहीच नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा मामा

६ मार्च

ती. मामांना शि. सा. न.

वर्गातली पोरं पेपर लिहितायत, तेवढ्यात हे खरडतेय. दोन नोंदी पुष्कळ झाल्या! दोन तासांत ५० सेंटिमीटर उतरलं, म्हणजे तासाला २५. पंप एकाच गतीनं ओढतो, म्हणून आलेख सरळ रेषा. आडव्या अक्षावर सहानंतरचे तास घ्या, उभ्यावर पाण्याची उंची. रेषा मागे वाढवा. जिथे तास शून्य, तिथेच ती उभ्या अक्षाला छेदते. नऊ म्हणजे तीन तास. १०५ मध्ये ७५ मिळवले की १८०. टाकी भरलेलीच होती! रोज तासाला पंधराच उतरतं ना? मग वरचे दहा कुठे जातात ते साहेबांना शोधायला लावा. सोबत आलेख जोडलाय. माझ्यासाठी नाही हो, मला तुमचा शब्द पुरला होता.

मामींना नमस्कार. माझ्यावर माया असू द्या.
तुमची बडबडी

११ मार्च

चि. बडबडी हिला अनेक आशीर्वाद.

साहेबांनी तुझी रेषा दोनदा पट्टी लावून पाहिली आणि फरशी उखडायला सांगितली. पंपापुढच्या नळाचा सांधा निखळला होता, पाणी थेट गटारात. मुकादमबाईंनी सगळ्यांसमोर माफी मागितली. मलाच अवघडल्यासारखं झालं. बॉयलरवाल्याच्या घरी जाऊन त्याचे हात धरले, तर तो लाजून आतच पळाला.

तुझे आभार कसे मानू? भाचीचे आभार मानतात का, असं मामी विचारतेय. मानतात, म्हटलं. तुझ्या पत्रातली ‘मला तुमचा शब्द पुरला होता’ ही ओळ मी तिला मोठ्यानं वाचून दाखवायला गेलो, पण अर्ध्यातच कागद तिच्या हातात दिला. शेवटी तिनंच वाचली.

सुखी राहा, पोरी.
तुझा मामा