दाराचा खेळ

बाई, तुमचा दाराचा खेळ मी वर्गात घ्यायचं बंद केलंय. तुम्ही असतात तर आधी तुम्हालाच विचारलं असतं. आता नुसतं लिहिते आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून जमेल तसं लिहिते.

सांगलीच्या शाळेत तुम्ही नाटकाचा तास कधी पुस्तक उघडून सुरू केला नाहीत. आम्ही नववीतल्या मुली ओढण्या सारख्या करत भिंतीला चिकटलेल्या, मुलं खिडकीपाशी. तुम्ही बाकावर बोटं वाजवायचात. "दार वाजलं. उघडा. बोलायचं नाही. कोण आलंय ते आम्ही तुमच्याकडं बघून ओळखू." पहिल्यांदा मी डोळे मोठे करून, तोंडावर हात ठेवून कायकाय केलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "एवढं मोठ्यानं नको गं. दार तुझ्याच घरचं आहे." मला रडू आलं होतं. पुढच्या खेपेला मी मुकाट्यानं दार उघडलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आत्या! आणि मुक्कामाला आलीय!" सगळा वर्ग हसला. मी हेच काम करायचं हे बहुधा तेव्हाच ठरलं.

वडूजला शिकवायला लागल्यापासून नववीचा पहिला तास मी असाच सुरू करत आले. या वयाच्या मुलांना 'अभिनय करा' म्हटलं की ती दगड होतात, आणि टाळ्यांचे खेळ त्यांना बालवाडीतले वाटतात. दार मात्र कुणालाही उघडता येतं. यंदाही एकानं शिकवणीचे सर आणले, एकीनं मामा. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील फौजेत होते. ती सातवीत असताना ड्युटीवर त्यांची गाडी दरीत गेली आणि ते गेले. वर्गाला हे माहीत होतं. मी बाक वाजवला. ती पुढं येते, कडी काढते आणि नुसती वर बघत उभी राहते. हळूहळू तिचे खांदे सैल होतात, तोंड उजळतं. मग ती वाकून एक जड पेटी आत ओढते. सगळ्यांना कळलं होतं, पण कुणी बोलेना. शेवटी तीच म्हणाली, "पप्पा सुट्टीवर आल्यात," आणि जागेवर जाऊन बसली.

पुढच्या आठवड्यात तिची आई शाळेत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. "आवं बाई, हे काय शिकवलंय तुमी? पोरगी रोज सांजंला दार उघडून उभी ऱ्हाती. धाकटं लय बारकं हाय, त्याला वाटतंय पप्पा खरंच येनार. जेवंना, दार लावू दीना. म्या त्याला काय सांगू?" नंतर मुलीला बाजूला बोलावलं. ती मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, "मला त्यांचं तोंड आठवंना झालंय, बाई. फोटोतलं आठवतं, खरं न्हाई. दार उघडलं की दिसतंय." मी म्हटलं, "घरी नको करूस." ती लगेच "बरं" म्हणाली. ते लगेच म्हणणंच मला खातंय.

त्यानंतर मी तास श्वासाच्या व्यायामानं सुरू करते. सगळे करतात, तीही करते. कुणी हसत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या घरी गेले. दार वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. बाहेरूनच हाक मारली. पोरं कडेगावला आजोळी गेली होती. आईनं चहा ठेवला. धाकटा आता नीट जेवतो म्हणाली. मग म्हणाली, "पोरीला म्हनलं, मला बी एकदा दाखव. कसं येत्यात ते बघू दे. न्हाई म्हनती. बाईंनी नको सांगितलंय." उकळत्या चहावरची नजर न काढता ती पुढं बोलली, "तुमी बघितलंय न्हवं? तुमी दाखवा की."

मी उठले. कडी काढली. बाहेर दोरीवर शाळेचा गणवेश वाळत होता. मी वर बघितलं, खांदे सैल सोडले, वाकून पेटी आत ओढली. सगळं तिनं केलं त्याच क्रमानं. वळले तेव्हा आई पदर हातात घट्ट धरून माझ्याकडं बघत होती.

"असंच केलं व्हय तिनं?"

मी हो म्हटलं. तिनं मान हलवली आणि चहा गाळायला घेतला.

तसं नव्हतं, बाई. त्याच्या जवळपासही नव्हतं.