काठावरचा आकडा

३ फेब्रुवारी
तिसरीच्या गणितात 'सात सक चोवीस' छापून गेलं. चार हजार प्रती! शेवटचं प्रूफ मी वाचलेलं, खाली सही माझी. छापखान्याचे मालक ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, झोप होते ना नीट?" ओरडले असते तर बरं झालं असतं.
झोप? दहा-दहा तास झोपते. उठते ती लाकडासारखी.

६ फेब्रुवारी
डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. केस गळतात, थंडी वाजते, वजन वाढलंय — सगळं लिहून घेतलं बाईंनी. कुणीतरी लिहून घेतलं, यानेच अर्धं बरं वाटलं.

९ फेब्रुवारी
टीएसएच ६.४. वरची मर्यादा साडेचार. पण ग्रंथीतून येणारं टी-फोर नॉर्मल. म्हणजे आहे की नाही?
डॉक्टर म्हणाल्या, "काठावर आहे. टीएसएच म्हणजे मेंदूची हाक; थायरॉइडच्या ग्रंथीला जरा जोरात हाका माराव्या लागतायत, पण ती काम करतेय अजून. एवढ्यावर गोळी नको. कधीकधी आकडा आपोआप खाली येतो. दोन महिन्यांनी परत बघू. आणि थकवा याच्यामुळेच असेल असंही नाही."
धड आजारी नाही, धड बरी नाही. नवऱ्याला रिपोर्ट दाखवला. "मग काही नाहीच की," म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.
निघताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कुणाला थायरॉइड?" नाही म्हटलं. पटकन.

१० फेब्रुवारी
ताई.
सकाळपासून डोक्यातून जात नाही. भर उन्हाळ्यात स्वेटर. आवाज घोगरा, चेहरा सुजलेला. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलणं. बारा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने तिला घरी आणून सोडलं — "हिला कपभर चहा करायला तास लागतो." आईला ते पटलं. आळशी म्हणायची तिला, शेवटपर्यंत. आणि मी 'कासव' म्हणायचे. तोंडावर. सगळे हसायचे. तीही हसायची, जरा उशिरा.

१४ फेब्रुवारी
ताईकडे गेले. आई गेल्यापासून त्या दोन खोल्यांत एकटीच असते. बेल वाजवून किती वेळ उभी होते.
"ताई, रक्त तपासून घेऊ या."
बऱ्याच वेळाने म्हणाली, "कशाला? मी आहेच अशी."
जिना उतरायला पंधरा मिनिटं. मी सवयीने पुढे जाऊन खाली उभी राहिले. घड्याळ बघत. आजही!

१७ फेब्रुवारी
ताईचा टीएसएच शंभराच्या वर. तिथलं यंत्र त्यापुढे मोजतच नाही. टी-फोर जवळजवळ नाही.
डॉक्टर कागदाकडे बघत राहिल्या. "हे वर्षानुवर्षांचं आहे. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"
ताई शेजारीच बसलेली. तीच म्हणाली, "त्यांना... कामं असतात."

१९ फेब्रुवारी
हृदय तपासलं. गोळी सुरू, आधी अगदी कमी. सकाळी उपाशीपोटी, आणि बहुतेक जन्मभर. मी रोज फोन करते. माझ्या ६.४ ची लाज वाटते.

२६ मार्च
ताईची सूज उतरतेय. तिला हनुवटी आहे, हे विसरले होते मी.

१२ एप्रिल
माझा दुसरा रिपोर्ट. ४.१. नॉर्मल. गोळीबिळी काही नाही. थकवा मात्र तेवढाच. आता खापर कशावर फोडू?

१९ मे
ताईचा फोन. पहिल्यांदा तिने केला. भरभर बोलत होती, मध्ये श्वासही न घेता. "तुम्हाला वाटायचं, हिला काही कळत नाही. कळत होतं गं सगळं. उलटून बोलायचं त्राण नव्हतं. आता बसले की एकेक आठवतं, कोण काय म्हणालं ते."
मग म्हणाली,
"तू काही दिवस येऊ नकोस."